आडवं ठेवलेलं पिढं

माझ्या बाबांना त्यांच्या स्वतःच्या घरात एका भाडेकरूनं हाताला धरून उठवलं. हे सांगायला लागले की अजूनही माझी कानशिलं तापतात, आणि पुढचं सांगायची वेळ आली की तोंड कोरडं पडतं. कारण पुढचं मी केलेलं आहे.

बाबा दुर्गजवळच्या पोलादाच्या प्लांटमध्ये पॅटर्न शॉपला होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याची आधी हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते, तिला पॅटर्न म्हणतात. बाबांनी सगळी नोकरी लाकडातच काढली. पोलादाच्या कारखान्यात राहून हा माणूस संध्याकाळी अंगाला भुसा लागलेला घरी यायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी नेहरू नगरात दोन मजली घर बांधलं. खाली आई, बाबा आणि मी. मी तिथल्याच एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि माझं डोकं आमच्या घरातल्या कुकरच्या आधी शिट्टी देतं, असं आईचं म्हणणं आहे. वरची खोली भाड्यानं द्यायची.

घर बांधलं तेव्हा बाबांनी सगळ्या खुर्च्या एकसारख्या घेतल्या. कोणाला कोणती द्यायची हा प्रश्नच नको, म्हणाले. लहानपणी भंडाऱ्याकडच्या गावात ते शाळेच्या दाराबाहेर घरून नेलेल्या गोणपाटावर बसून शिकले होते. हे त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही अर्धंच. बाकी त्यांचे दोन नियम होते, आणि घरात सगळ्यांना ते पाठ होते. आलेल्या माणसाला आधी बसवायचं, मग बोलायचं. आणि कोणाला खोदून काही विचारायचं नाही. गाव कोणतं, आडनाव काय, तुमच्यात काय करतात, असलं काही नाही. बाबा म्हणायचे, लोकांनी मला जन्मभर प्रश्न फिरवून फिरवून विचारले, पण त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असायची. म्हणून आमच्या घरी कोणाची चौकशी व्हायची नाही. मला या नियमाचा फार अभिमान होता.

भाडेकरू घानाचा होता. इथल्या एका खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगला आलेला, वय बावीसच्या आसपास, उंच, आवाज मात्र इतका हळू की दोनदा ऐकावं लागायचं. त्याला आसपासच्या कॉलनीत कोणी खोली देत नव्हतं. फाटकात उभं राहून त्यानं "अंकल, रूम है?" विचारलं ते अशा स्वरात, की जणू नकार गृहीत धरूनच आला होता. बाबांनी त्याला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं, आणि मग सांगितलं की आहे. शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी कंपाउंडवरून आईला विचारलं, "कहाँ से पकड़ लाए?" आईनं बादली अशी आपटली की काकू आत गेल्या.

त्याच्या सामानात दोन बॅगा होत्या आणि रंगीत कापडात बांधलेलं एक बोचकं. बोचकं बाबांनी उचललं, वर नेलं आणि तिथेच अडकले. अर्ध्या तासानं खाली आले ते थेट स्वयंपाकघरात.

"अवो, त्याच्या जवळ एक पिढं हाय," आईला म्हणाले. "अकान म्हणते तो त्यायच्या लोकायले. एकाच ओंडक्यातून कोरलं हाय. एक जोड नाही, खिळा नाही, काही नाही."

मीही जाऊन पाहिलं. गुडघ्याएवढं उंच. बसायची जागा मध्ये खोलगट आणि दोन्ही टोकांना वर वळलेली. खाली सपाट पाया, आणि दोन्हींच्या मध्ये नक्षीचा पोकळ खांब, त्याच्याभोवती चार बारीक खांब. लाकूड फिकट, बसून बसून गुळगुळीत झालेलं. बाबा त्या चार खांबांमधून बोट फिरवत राहिले. पटाशी आत गेली कशी, हा प्रश्न त्यांना पुढे कित्येक दिवस पुरला. जेवताना मध्येच थांबायचे आणि हवेत हात वळवून बघायचे. आई म्हणायची, भाजी घ्या आधी, मग कोरा.

आता गंमत अशी, की ते पिढं कायम आडवं पडलेलं असायचं. टाकीचा व्हॉल्व्ह त्या खोलीच्या बाथरूममधून बंद होतो, म्हणून बाबांना दोन-तीन दिवसांनी वर जावं लागायचं. गेले की पिढं कुशीवर पडलेलं. बाबा ते उचलून सरळ ठेवायचे. पुढच्या खेपेला पुन्हा आडवं. "आजकालच्या पोरायले वस्तूची किंमत नाही," बाबा कुरकुरायचे. "एवढं कोरीव काम, आन् हा लोळवते." मुलगा काही बोलायचा नाही, बाबाही त्याला काही विचारायचे नाहीत. वर्षभर हे चाललं. एकाने सरळ करायचं, दुसऱ्याने पाडायचं, आणि दोघांचं एकमेकांवाचून चालायचंही नाही. संध्याकाळी तो खाली येऊन बसायचा, बाबा त्याला पॅटर्न कसा जरा मोठा करावा लागतो, कारण लोखंड थंड होताना आक्रसतं, हे अर्ध्या हिंदीत समजावायचे. त्याला ते पुस्तकातून माहीत असणार, पण तो ऐकून घ्यायचा.

तो शुक्रवार मे महिन्यातला. दुपारी लाइट गेलेली, कूलर बंद, मी हॉलमध्ये पेपर तपासत बसले होते. आई सुपेल्याच्या बाजारात गेली होती. बाबा व्हॉल्व्ह बघायला वर गेले. दहाएक मिनिटांनी जिन्यावर त्यांची पावलं वाजली, फार हळू. आत आले आणि उभे राहिले. समोर खुर्च्या रिकाम्या होत्या तरी उभेच.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. गुडघा दुखून राहिला होता, म्हणून त्या पिढ्यावर बसलो. त्यानं मले उठवलं."

"उठवलं म्हणजे?"

"हाताले धरून उठवलं. म्हणे अंकल, इस पे मत बैठिए."

मला आधी कळलंच नाही. पिढं मोडेल म्हणून म्हणाला असेल, असं मी म्हणाले. बाबांनी मान हलवली. मग खिडकीकडे बघत, अगदी साध्या आवाजात, भाव विचारावा तसे म्हणाले, "मी बसलो ना. बाटलं असन ते."

हा शब्द मी बाबांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. पुस्तकात वाचला होता, भाषणांत ऐकला होता, पण आमच्या या हॉलमध्ये तो कधी उच्चारला गेला नव्हता. साठी उलटलेला माझा बाप, ज्याच्या हाताखाली अख्खं शॉप काम शिकलं, तो स्वतःच्या घरात उभा राहून हे म्हणत होता, आणि म्हणताना त्याला आश्चर्यही वाटलेलं दिसत नव्हतं. मला धक्का बसला तो त्याचा. जणू ते वर्षानुवर्षं कुठूनतरी हे येण्याची वाट बघत होते आणि आता ते आलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

खोलीचं दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. गच्चीवर पाण्याचा आवाज येत होता. बाहेर जाऊन पाहिलं. तो उकिडवा बसून ते पिढं धूत होता. बादलीभर पाणी, शेजारी वाळूची पुडी. ओल्या वाळूनं तो बसायची जागा घासत होता. नीट, मन लावून, कडेकडेनं. माझे बाबा त्यावर बसून पंधरा मिनिटंही झाली नव्हती.

आमच्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. बसलेला माणूस उठला की जागा धुवायची. हे मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण बघताक्षणी ओळखलं. घानाहून आलेला, कॉलनीभर नाकारलेला, आम्ही घरात घेतलेला मुलगा हे करत होता. मला रडू येत होतं आणि रडण्याची लाज वाटत होती, म्हणून मी ओरडले.

"खाली करो रूम. आज के आज."

तो गोंधळून उभा राहिला. हातातून वाळू गळत होती. "दीदी, क्या हुआ?"

"मेरे पापा बैठे तो धो रहे हो? हमारे घर में ये नहीं चलेगा." आणि मग ते वाक्य आलं. "तुम्हारे जैसे लोगों को घर देना ही नहीं चाहिए था."

तो माझ्याकडे बघत राहिला. "ओके, दीदी," म्हणाला, आणि ओलं पिढं उचलून आत गेला. मी खाली आले. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. बाबांच्या वतीनं कोणीतरी एकदा बोललं, असं वाटत होतं. बाबा आतल्या खोलीत पडले होते. त्यांना मी काही सांगितलं नाही. तासाभरानं फाटक वाजलं, तेव्हा मी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

आणखी थोड्या वेळानं आई आली. भाजीची पिशवी दारातच ठेवून तिनं विचारलं, "त्या पोराले कावून काढलं? चौकात भेटला मले, बॅगा घेऊन. दीदी को बुरा लगा म्हणे. रायपूरच्या बसची वाट पाहून राहिला."

मी सगळं सांगितलं. जरा तोऱ्यातच. बाबाही बाहेर आले होते. आई ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"तो ते दर शुक्रवारी धुते," आई म्हणाली. "शुक्रवारचा जन्म हाय म्हणे त्याच्या बापाचा. त्यायच्यात जन्माचा वार पाळते. मी धुणं वाळू घालाले जातो तवा पाह्यतो ना. वाळूनंच धुते."

तिनं दारातली पिशवी उचलून आत घेतली.

"बापाचं हाय ते पिढं. बाप वारला त्याचा, इथं यायच्या आधी. त्यायच्यात बापाचं घर, वावर, सारं बापाच्या भाच्यायले जाते, पोराले नाही. यानं एवढंच मागून आनलं. माणसाचा जीव त्याच्या पिढ्यात राह्यते, असं मानते ते. म्हणून कोणी दुसरं बसत नाही. आन् कोणी भटकता जीव येऊन बसू नये म्हणून आडवं ठेवते." मग ती बाबांकडे वळली. "तो सोता तरी बसला का कधी त्याच्यावर? पाह्यलं तुम्ही?"

नव्हता बसला. वर्षभरात मी त्याला पलंगावर पाहिलं होतं, चटईवर पाहिलं होतं, गच्चीच्या कठड्यावर पाहिलं होतं. पिढ्यावर एकदाही नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर रोज होतं. फिजिक्स शिकवते मी, मुलांना सांगते की आधी नीट बघा, मग सूत्र लावा.

"तुले हे सारं मालूम होतं, तर सांगितलं कावून नाही?" बाबांनी आईला विचारलं.

"कोनं इचारलं मले? तुमच्या घरात इचारत नाही ना कोणी कोणाले. मी इचारलं त्याले, त्यानं सांगितलं. दोन मिनिटं लागले."

बाबा खुर्चीत बसले. जिच्या जोरावर ते इतकी वर्षं ताठ मानेनं जगले, ती त्यांची रीतच आमच्यावर उलटली होती. आम्ही प्रश्न विचारला नाही, आणि उत्तर मात्र आपल्या आपण काढून मोकळे झालो. तेही एकच, जे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार होतं.

मग बाबांनी मला विचारलं, "तू काय म्हणलं त्याले?"

"खोली खाली कर म्हणाले."

"आनखी?"

मी शेवटचं वाक्य गाळून सांगितलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. "पुरं सांग."

मी पुरं सांगितलं. ते वाक्य बाबांसमोर म्हणताना मला पहिल्यांदा ऐकू आलं. गच्चीवर ते रागातून नुसतं निघून गेलं होतं. इथे मी त्याचा एकेक शब्द उच्चारला, आणि 'तुम्हारे जैसे लोग' म्हणताना माझी जीभ अडखळली. बाबांना प्लांटचं सेक्टरमधलं क्वार्टर मिळायच्या आधी दुर्गला खोल्या शोधताना हेच ऐकावं लागलं होतं. आई सांगायची. याच शब्दांत, जवळजवळ याच सुरात. मला वाटायचं, असली वाक्यं म्हणणारी माणसं वेगळी असतात.

दुपारी बाबा वरून खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. आता तो निराळाच झाला. घाबरल्यासारखा. ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे कोठून आनलं तू?" त्यांनी हळूच विचारलं. "आपल्या घरात तर नव्हतं हे."

बाबा उठले, चप्पल घातली. "चाल. स्कूटी काढ."

सुपेल्याच्या चौकात संध्याकाळची गर्दी होती. ट्रक, ऑटो, फळांचे गाडे, हथखोजच्या कारखान्यांतून सुटलेल्या कामगारांच्या सायकली. बाबा मागे बसून माझ्या खांद्यावरून बघत होते. बस गेली असेल, मला वाटत होतं. आणि खोटं कशाला बोलू, एकदा असंही वाटलं की गेली असेल तर बरं, मला त्याच्यासमोर उभं राहावं लागणार नाही.

तो चौकातल्या पुलाखाली होता. दोन बॅगा शेजारी, आणि बॅगेवर कापडात बांधलेलं पिढं. तिथेही आडवं ठेवलेलं. आम्हाला पाहून तो उभा राहिला. बाबा स्कूटीवरून उतरले आणि सरळ त्याच्यापाशी गेले.

"बेटा, मैंने गलत समझा," ते म्हणाले. "मुझे लगा, मेरे बैठने से खराब हो गया."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "आपके बैठने से? नहीं, अंकल. वो डैडी की जगह है. आपकी उमर हो गई है. मुझे डर लगा, आपको कुछ हो जाएगा." तो बॅगेकडे बघत म्हणाला, "डैडी अकेले हैं ना. किसी को पास बिठा लेंगे तो."

बाबा बौद्ध. आत्मा, परलोक, त्यातलं काहीही ते मानत नाहीत, आणि मानणाऱ्याशी दोन तास वाद घालायची त्यांची तयारी असते. त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी त्या मुलाच्या दंडाला धरलं. ज्याला ते दुपारी स्वतःचा अपमान समजत होते, ती त्यांच्या जिवाची काळजी होती. अशी काळजी आपल्याबद्दल कोणी परकं माणूस करेल, हे त्यांना सुचलंसुद्धा नव्हतं, आणि मला तर नाहीच.

मग बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये मेरी बेटी है. मैंने ही बड़ा किया है. इसने जो बोला, उसके लिए मैं—"

"अंकल, छोड़िए," तो घाईनं म्हणाला. "दीदी ने नया कुछ नहीं बोला."

मी माफी मागायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. बाबांना वाईट वाटू नये म्हणून तो मला सांभाळून घेत होता. मी त्याच्या रोजच्या ऐकण्यातली एक झाले होते, एवढंच. शेवटी मी "सॉरी" म्हणाले. त्यानं मान हलवली, जशी आपण भाजीवाल्यानं सुट्टे नाहीत म्हटल्यावर हलवतो.

तो परत आला. बाबांनी हट्टानं आणला. बॅगा ऑटोत घातल्या, पिढं त्यानं स्वतः मांडीवर घेतलं. आईनं त्या दिवशी वडाभात केला आणि मला वाढताना एक शब्द बोलली नाही. शिक्षण संपेपर्यंत आणखी दीड वर्ष तो आमच्याकडे राहिला. बाबा वर जायचे, पिढं पडलेलं असायचं, ते त्याला हात लावायचे नाहीत. दर शुक्रवारी गच्चीवर पाणी सांडायचं. बाबांनी त्याला रेतीच्या ढिगातून बारीक वाळू चाळून आणून द्यायला सुरुवात केली. त्यांनी त्याच्या वडिलांचं नाव विचारलं, गाव विचारलं, पिढं कोरणाऱ्याकडे पटाशी कशी असते ते विचारलं, इतके प्रश्न विचारले की तो हसायचा. वरून सगळं आधीपेक्षा बरंच झालं होतं, असं कोणीही म्हटलं असतं.

फक्त एक बदललं. संध्याकाळी तो खाली यायचा, तेव्हा मी हॉलमध्ये असले तर दारात थांबायचा. बाबा आत वाट बघत असायचे, समोर खुर्ची रिकामी असायची. तो माझ्याकडे बघून, चांगल्या रीतीभाती असलेल्या मुलासारखा, हळू आवाजात विचारायचा, "दीदी, बैठूँ?"

दीड वर्ष तो रोज विचारत राहिला आणि दीड वर्ष मी रोज "बैठो ना" म्हणत राहिले. बाबा तेवढा वेळ वर्तमानपत्र वाचायचे.